मदत लागणार असेल तर पहिल्याच अर्जात मागा

मला पहिल्या वर्षी अमेरिकेतल्या तीन कॉलेजांनी प्रवेश दिला आणि मी एकाही ठिकाणी जाऊ शकले नाही. अर्जात एक छोटासा प्रश्न होता: आर्थिक मदतीसाठी अर्ज करणार आहात का? मी ‘नाही’वर खूण केली. आधी आत जाऊ, मग मागू, असा माझा हिशेब. मार्चअखेर पत्रं आली तेव्हा कुठे नियम नीट वाचला. परदेशी विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर नंतर मागता येत नाही. दोन कॉलेजांत चारही वर्षं नाही, तिसऱ्यात पहिली दोन वर्षं नाही. एका वर्षाचा खर्च बाबांच्या सात वर्षांच्या पगाराएवढा होता. तिन्ही पत्रांना नकार कळवताना माझ्याबरोबर बाबाही रात्रभर जागे होते.

एक वर्ष थांबून मी पुन्हा अर्ज केले, या खेपेला ‘हो’ लिहून. अकरा नकार आले आणि एक प्रवेश, जवळजवळ सगळा खर्च उचलणाऱ्या मदतीसह. पदवीनंतर दुसऱ्या एका छोट्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात, म्हणजे आर्थिक मदत ठरवणाऱ्या विभागात, मी नऊ वर्षं काम केलं. परदेशी मुलांच्या फाइली माझ्याकडे असत. जी चूक मी केली तीच वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या अर्जांत पाहिली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. हे बारावीनंतर चार वर्षांच्या पदवीला जाणाऱ्यांसाठी आहे. एमएस किंवा पीएचडीचं गणित वेगळं असतं.

यादी पैशाकडून सुरू करा

बहुतेक मुलं नावं आधी ठरवतात आणि पैशाचा विचार शेवटी करतात. मदत लागणाऱ्यानं हे उलट करावं, कारण परदेशी विद्यार्थ्याची गरज पाहण्याची प्रत्येक कॉलेजची रीत वेगळी आहे आणि तुमची खरी संधी त्या रीतीवर ठरते.

मोजकी कॉलेजं परदेशी मुलांसाठीही ‘नीड-ब्लाइंड’ आहेत. म्हणजे तुम्ही किती मदत मागता हे प्रवेश ठरवताना पाहिलंच जात नाही, आणि प्रवेश मिळाला की सिद्ध झालेली पूर्ण गरज भागवली जाते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही यातली जुनी नावं. डार्टमथनं हे धोरण मध्यंतरी सोडलं होतं, ते २०२२ मध्ये परत आणलं. त्याच वर्षी बोडनही आलं. ब्राउन आणि नोत्र दाम यांनी २०२५ च्या शरद ऋतूत दाखल होणाऱ्या वर्गापासून हे सुरू केलं. वॉशिंग्टन अँड ली हे व्हर्जिनियातलं लहान कॉलेजही आता यात आहे, आणि आपल्याकडच्या मुलांच्या यादीत ते क्वचितच दिसतं. धोरणं बदलतात, डार्टमथचंच उदाहरण आहे. म्हणून अर्ज करायच्या वर्षी त्या कॉलेजच्या स्वतःच्या पानावर वाचून खात्री करा.

पण एवढ्याच कॉलेजांची यादी करून थांबू नका. गरज पाहत नाहीत म्हणून तिथे प्रवेश सोपा होत नाही. एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरात दोघांच्या आसपास निवड होते. सगळे अर्ज इथेच टाकणाऱ्या हुशार मुलांच्या हाती मार्चअखेर काही राहत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दुसरा गट ‘नीड-अवेअर’ कॉलेजांचा. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, व्हासार, स्टॅनफर्ड, कोलंबिया अशी उत्तम नावं यात आहेत. ज्याला घेतात त्याची पूर्ण गरज भागवतात, पण घ्यायचं की नाही हे ठरवताना गरजेचा आकडा समोर असतो. हे आतून कसं चालतं ते सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. आमच्याकडे प्रवेश समिती अर्ज आधी पैशाचा विचार न करता वाचत असे. मार्चच्या मध्यावर परदेशी मुलांची एक यादी तयार व्हायची, पसंतीच्या क्रमानं, आणि प्रत्येक नावापुढे मी गरजेचा आकडा लिहायची. खाली बेरीज. ती बेरीज त्या वर्षीच्या रकमेपेक्षा नेहमीच मोठी असे. मग यादीच्या खालच्या टोकाकडून चर्चा सुरू व्हायची. वरच्या दहा-पंधरा नावांना कुणी हात लावत नसे. त्यांना ऐंशी हजार डॉलर लागले तरी लागू देत. खाली मात्र एका पूर्ण मदतवाल्याच्या जागी कमी गरजेचे दोघं बसू शकत. एका वर्षी अशी एक मुलगी शेवटच्या तासात वेटलिस्टवर गेली. तिच्या अर्जात काहीही कमी नव्हतं. तिचा गणितावरचा निबंध मला अजून आठवतो.

यातून करायचं काय? तुमचं प्रोफाइल ज्या कॉलेजात यादीच्या वरच्या भागात बसेल अशी काही नीड-अवेअर कॉलेजं हवीतच. ती बहुधा प्रसिद्ध नसतात. दीड-दोन हजार विद्यार्थ्यांची लिबरल आर्ट्स कॉलेजं असतात, म्हणजे विज्ञानापासून साहित्यापर्यंत सगळे विषय एकत्र शिकवणारी पदवी कॉलेजं, आणि त्यांतल्या कित्येकांकडे विद्यार्थीसंख्येच्या मानानं मोठा निधी असतो.

तिसरा गट सोडून द्यायचा. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे, परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदत देत नाहीत. बहुतेक सरकारी विद्यापीठांचं असंच आहे. शिक्षण उत्तम आहे यात वाद नाही, पण पैसे नसतील तर अर्जाची फी वाचवा. काही खाजगी कॉलेजं प्रवेश देतात आणि गरजेच्या निम्मीच मदत देतात. ती या गटातच धरा.

आता कोणतं कॉलेज खरोखर देतं हे कसं ओळखायचं? ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं कागदपत्र बहुतेक कॉलेजं दर वर्षी आपणहून जाहीर करतात. कॉलेजचं नाव आणि हे शब्द टाकून शोधा. त्यात एच ६ हा भाग परदेशी विद्यार्थ्यांना दिलेल्या मदतीचा असतो: किती जणांना, सरासरी किती, एकूण किती. बी २ या भागात एकूण परदेशी विद्यार्थी किती ते असतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. समजा एका कॉलेजात ३०० परदेशी विद्यार्थी आहेत, त्यांतल्या २४० जणांना सरासरी ७० हजार डॉलर मिळतात. दुसऱ्यात ९०० आहेत, ४० जणांना सरासरी २२ हजार मिळतात. माहितीपुस्तिकेत दोघंही ‘परदेशी विद्यार्थ्यांना भरघोस मदत’ असंच लिहितील. माझ्या दृष्टीनं या कामातला सगळ्यात उपयोगी तासभर हाच. वीस कॉलेजांचा असा तक्ता करा, यादी आपोआप अर्ध्यावर येते.

गुणवत्तेवर मिळणाऱ्या स्कॉलरशिपबद्दल थोडक्यात. आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या जुन्या गटातली, आठही विद्यापीठं गुणवत्ता किंवा खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, तिथे मदत फक्त गरजेवर. व्हँडरबिल्ट, रिचमंड, ड्यूक अशा ठिकाणी परदेशी मुलांनाही खुल्या असलेल्या मोठ्या स्कॉलरशिप आहेत, पण अर्जदारांच्या मानानं जागा मोजक्या आणि काहींची मुदत नेहमीच्या मुदतीआधी संपते. कॉर्नेलमध्ये भारतातून शिकून येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी टाटा स्कॉलरशिप आहे. ती टाटा ट्रस्टनं २००८ मध्ये दिलेल्या निधीतून चालते आणि गरजेवर मिळते. आपल्या मुळशीतल्या यूडब्ल्यूसी महिंद्र कॉलेजात किंवा त्याच्या इतर शाखांत बारावीपर्यंत शिकलेल्यांना डेव्हिस स्कॉलर्स या शिष्यवृत्तीचा मार्ग खुला असतो. ‘क्वेस्टब्रिज’ ही गरजू मुलांसाठीची योजना मात्र अमेरिकेबाहेर शिकणाऱ्या परदेशी मुलांसाठी नाही. त्यावर वेळ घालवू नका.

किती मागायचं

जेवढं खरोखर लागेल तेवढं. राहणं, जेवण, फी, विमा धरून या कॉलेजांचा वर्षाचा खर्च आता ८५ ते ९५ हजार डॉलरच्या घरात आहे. त्यातून तुमचं कुटुंब देऊ शकेल ती रक्कम वजा केली की गरज उरते. ती रक्कम अर्जात कॉलेज थेट विचारतं आणि स्वतःही मोजतं.

नीड-अवेअर समितीबद्दल वाचून मोह होईल की आपण जास्त देऊ शकतो असं लिहावं. करू नका. मी असे प्रवेश ऑगस्टमध्ये कोसळताना पाहिले आहेत: काकांनी कबूल केलेले दहा हजार आले नाहीत, आणि वरचे पैसे द्यायला कॉलेजकडे तेव्हा निधी उरलेला नव्हता. घरात सगळ्यांनी बसून, चार वर्षं सलग देता येईल असा आकडा काढा. रुपया घसरला तरी देता येईल असा. आणि तोच सगळीकडे लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा.

सीएसएस प्रोफाइल

फाफ्सा हा अमेरिकी सरकारचा फॉर्म आहे, तो परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाही. तुमचा फॉर्म म्हणजे कॉलेज बोर्ड या संस्थेचा सीएसएस प्रोफाइल, घरची आर्थिक माहिती कॉलेजांना कळवणारा. तो १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. हेही जड जात असेल तर एड ऑफिसला चार ओळींचं पत्र लिहा. काही कॉलेजं फीचा कोड पाठवतात किंवा दुसरा मोफत फॉर्म भरून घेतात. कॉमन अ‍ॅपवरची (एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायचं संकेतस्थळ) अर्जाची फीही माफ करून मिळते, त्यासाठी शाळेच्या समुपदेशकाचा किंवा प्राचार्यांचा दुजोरा लागतो. या पत्रांमुळे तुमचा अर्ज कमी लेखला जाईल अशी भीती बाळगू नका. अशी पत्रं मी रोज वाचायची आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठीच ते टेबल होतं.

फॉर्म आकड्यांचा आहे, पण वाचणारा माणूस आकड्यांतून घर पाहायचा प्रयत्न करत असतो. म्हणून काही गोष्टी.

उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं विचारतात. अमेरिकेत वर्ष जानेवारीला सुरू होतं, आपलं एप्रिलला. कोणत्या आर्थिक वर्षाचे आकडे दिले ते स्पष्टीकरणाच्या चौकटीत एका ओळीत लिहा. रक्कम रुपयांत भरायची, डॉलर करत बसू नका.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे ते आयकर विवरणात नीट दिसत नाही, आणि तिकडच्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा यांचं इंग्रजी भाषांतर करून ठेवा, आणि जमिनीतून प्रत्यक्ष हातात किती येतं ते लिहा. नुसती जमिनीची बाजारभावानं किंमत टाकली, की कागदावर तुम्ही श्रीमंत दिसता. व्यवसाय असेल तर उलाढाल आणि नफा यांची गल्लत करू नका.

सगळ्यात जास्त वेळा अडकायची ती फाइल अशी: उत्पन्न चार लाख, खर्च सहा लाख, कर्ज शून्य. वरचे दोन लाख कुठून आले? उत्तर साधं असतं: मामा फी भरतात, धान्य घरचं आहे, घर आजोबांचं आहे. पण ते लिहिलेलं नसतं. आम्ही पत्र पाठवणार, उत्तर दहा दिवसांनी येणार, आणि तोवर समितीची तारीख निघून गेलेली. आधीच लिहा.

विशेष परिस्थितीच्या चौकटीत भावना कमी आणि महिना, वर्ष, रक्कम जास्त. ‘वडिलांची नोकरी जून २०२४ मध्ये गेली, तेव्हापासून घरात आईचा दरमहा २२ हजारांचा पगार आहे, आजीच्या उपचारांना दरमहा ९ हजार लागतात.’ अशा तीन ओळींनी मी आकडे बदलले आहेत. आई-वडील वेगळे राहत असतील तर बऱ्याच कॉलेजांना दोघांचीही माहिती लागते. ती मिळणं शक्य नसेल तर एड ऑफिसला ऑक्टोबरमध्येच कळवा.

अर्जाच्या बाकीच्या भागाबद्दल

हा विषय इतरत्र भरपूर लिहिला जातो, म्हणून चटकन. कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला उघडतं, मुख्य निबंध ६५० शब्दांचा, उपक्रमांना १० जागा आणि प्रत्येकाला १५० अक्षरं. धाकट्या भावंडांना सांभाळणं, दुकानात बसणं, शेतात काम करणं हे सगळं उपक्रमांत येतं. मदत मागणारी मुलं नेमकं हेच लिहायचं राहू देतात. एमआयटी, हार्वर्ड, येल, डार्टमथ, ब्राउन यांनी प्रवेश परीक्षेचे गुण पुन्हा सक्तीचे केले आहेत. येल एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांऐवजी एपी किंवा आयबी या शालेय अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही घेतं. ज्यांनी सक्ती केलेली नाही त्यांनाही, गुण चांगले असतील तर पाठवा, कारण तुमची शाळा त्यांनी कधी पाहिलेली नसते.

शाळेकडून शिफारसपत्रांबरोबर एक पानी ‘स्कूल प्रोफाइल’ जातं, ते आपल्याकडे बहुतेक शाळांत नसतंच. प्राचार्यांबरोबर बसून स्वतः तयार करा: वर्गात किती मुलं, नव्वद टक्क्यांच्या वर किती, कोणते विषय उपलब्ध नाहीत. बोर्डातले ८८ टक्के तिकडे साधे वाटू शकतात. शाळेत तिसरा क्रमांक आहे हे कळल्यावर त्याच आकड्याचं वजन बदलतं.

अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला आधी केलेला अर्ज. त्याची मुदत साधारण १ नोव्हेंबर, आणि ते बंधनकारक असतं: घेतलं तर यायचंच. मदत पुरेशी नसेल तर त्यातून सुटता येतं, तेवढी भीती नको. पण दोन ठिकाणच्या मदतीची तुलना करायची संधी जाते. जे कॉलेज पूर्ण गरज भागवतं आणि जिथे तुम्ही यादीत वर बसाल, तिथेच अर्ली डिसिजन वापरा. एड ऑफिसला आपला आकडा आधीच कळवलेला असला, की डिसेंबरमध्ये निकाल येतो तेव्हा धक्का बसत नाही.

मदतीचं पत्र वाचताना

आकडा पाहून उड्या मारण्याआधी कागद-पेन घ्या. ग्रँट (परत न करायची रक्कम) किती, कर्ज किती, कॅम्पसवर काम करून मिळवायचे किती, हे वेगळं करा. प्रिन्स्टननं २००१ पासून मदतीतून कर्ज काढून टाकलं. विल्यम्सनं २०२२ मध्ये कर्ज आणि कामाची अट दोन्ही काढली. इतरत्र तपासा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, आणि पहिल्या सत्रात तेवढंही झेपत नाही. विमा आणि वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट हिशेबात धरलं आहे का, हे विचारा.

आणि कर. फी आणि सक्तीच्या पुस्तकांसाठीची मदत करमुक्त, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेली मदत उत्पन्न धरली जाते आणि त्यातून १४ टक्के कापले जातात. २० हजारांवर २,८०० डॉलर. हे बिल ऑक्टोबरमध्ये अंगावर येतं तेव्हा मुलं रडत ऑफिसात येतात. भारतीय विद्यार्थ्यांना दोन देशांतल्या कर-कराराच्या कलम २१मुळे एक सवलत आहे: अमेरिकी रहिवाशांसारखं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे कर मोजण्याआधी उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम, घेता येतं. २०२४ च्या उत्पन्नासाठी ते १४,६०० डॉलर होतं. म्हणजे वसंतात १०४०-एनआर हा कर विवरणाचा फॉर्म भरला की कापलेल्यातलं बरंचसं परत येतं. ही सवलत फक्त भारतीय विद्यार्थ्यांना आहे, त्यामुळे कॉलेजचा कर्मचारीसुद्धा विसरू शकतो. तुम्ही विसरू नका.

रक्कम कमी पडत असेल तर फेरविचाराचा अर्ज करा. ‘आम्हाला अजून हवेत’ याला अर्थ नसतो. नवा कागद हवा. पगार कपातीचं पत्र, हॉस्पिटलचं बिल, किंवा तशाच दर्जाच्या दुसऱ्या कॉलेजनं दिलेल्या जास्त मदतीची प्रत. उत्तर १ मेच्या आत द्यायचं असतं, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लिहा. प्रवेश पक्का करायची अनामत रक्कम मदत मिळालेल्यांना बऱ्याचदा माफ होते, फक्त विचारावं लागतं.

त्यानंतर आय-२० येतो, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजनं दिलेला दाखला. मग सेविसचे (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) ३५० डॉलर आणि व्हिसाचे १८५ डॉलर भरायचे. मुलाखतीत पैसे कोण देणार हा प्रश्न हमखास येतो. कॉलेजचं मदतीचं पत्र आणि आय-२० वरची रक्कम तोंडपाठ असू द्या: कॉलेज किती, घर किती.

मदतीचा अर्ज दर वर्षी वसंतात पुन्हा करावा लागतो, आणि मधे घरी काही बिघडलं तर वसंताची वाट पाहायची नाही. मी तिसऱ्या वर्षाला असताना बाबांचा कारखाना बंद पडला. मला सांगायचीच लाज वाटत होती. चार आठवडे मी जेवणघरात दुप्पट पाळ्या केल्या, एक परीक्षा बुडाली, मग कुणाच्या तरी आग्रहावरून कारखान्याच्या नोटिशीचं भाषांतर घेऊन एड ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी ते वाचलं, जुनी फाइल काढली आणि विचारलं, आधी का नाही आलीस? आठवड्याभरात पत्र आलं. घरून यायची रक्कम त्यांनी शून्य केली होती.